वास्वाला मरू द्यायचं नाही

हाजीच्या व्हिडिओ हॉलमध्ये ‘चंद्रावरची लढाई’ लागली आणि पहिल्याच रविवारी आमच्या कात्वे वस्तीत दोन तट पडले. खेळाचं खरं नाव इंग्रजी, लांबलचक, कुणाच्या तोंडात बसेना. म्हणून आपलं चंद्रावरची लढाई. एक तट म्हणे, असा खेळ झाला नाही आणि होणार नाही. दुसरा म्हणे, बंदुका झकास आहेत, पण गोष्टीच्या नावानं बोंब. आणि या दोन्ही तटांच्या पुढ्यात, पडद्यासमोरच्या तारेनं बांधलेल्या खुर्चीत, कंट्रोलर हातात घेऊन किझा बसलेला. बाबा रे, तुला कसा वाटतो खेळ, असं त्याला मात्र कुणी विचारलं नाही. घाम गाळणाऱ्याला कोण विचारतं?

कात्वेत सिनेमा नुसता बघायचा नसतो, ऐकायचा असतो. पडद्यावर कुणी चिनी बोलो नाहीतर अमेरिकन, मागच्या लाकडी खोक्यात माइक घेऊन बसलेला व्हीजे त्या सगळ्यांना आपल्या लुगांडा भाषेत बोलायला लावतो. लुब्वामा हा त्यातला मुरलेला गडी. इंग्रजी बेताचं, चिनी तर मुळीच नाही, पण त्याचं कधी अडलं नाही. पडद्यावरचा माणूस काय बोलला यापेक्षा त्यानं काय बोलायला हवं होतं, हे लुब्वामाला जास्त कळायचं. खलनायकाच्या तोंडी तो आमच्या वस्तीतल्या घरमालकांची भाषा घालायचा आणि लोक हसून हसून बाकावरून खाली यायचे. पुढे ज्यानं त्यानं आपापला सिनेमा फोनमध्ये घालून खिशात ठेवला आणि हॉलमध्ये माणसांपेक्षा उंदीर जास्त झाले. तेव्हा हाजीनं डोकं लढवलं. हा खेळ आणला. त्यात एकट्यानं खेळायचा गोष्टीचा भाग असतो, पोरं त्याला कॅम्पेन म्हणतात. तो किझानं खेळायचा, लुब्वामानं बोलायचा आणि बाकीच्यांनी बाकावर बसून बघायचा. किझा शेजारच्या कारखान्यात लोखंडी फाटकांचं वेल्डिंग करायचा. ठिणगी अंगावर आली तरी त्याचा हात हलत नसे, म्हणून त्याची निवड.

घोटाळा लगेच झाला. सिनेमातला हीरो मरतो तो एकदा, तोही शेवटी, चार शब्द बोलून. खेळातला हीरो मरतो आणि पुन्हा जिथल्या तिथं उभा राहतो. किझाचा सैनिक चंद्रावरच्या खाणीत उतरला, यंत्रकिड्यांनी त्याला फाडला, पडदा काळा झाला, आणि तोच सैनिक कोऱ्या कपड्यांत परत त्याच जागी हजर. हॉल खदखदून हसला.

“व्हीजे, हा आत्ताच मेला ना रे?” मागून कुणीतरी विचारलं.

लुब्वामानं उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. “मेला तो मेलाच,” तो माइकवर म्हणाला. “हा त्याच्या पाठचा भाऊ. म्हाताऱ्या बापाला पोरं पुष्कळ. एक पडला की तो दुसऱ्याला म्हणतो, जा बाबा, दादाची बंदूक तिथंच पडलीय, उचल.”

हॉल हसता हसता गप्प झाला. कात्वेत असं घर नाही ज्यातला एखादा पोरगा दूरदेशी कुणाच्या तरी फाटकावर बंदूक घेऊन उभा नाही. त्या दिवसापासून लोक गोळ्या मोजायचे सोडून भाऊ मोजायला लागले.

प्रत्येक भावाला लुब्वामा नाव द्यायचा, आणि नावं घ्यायचा पुढच्या बाकांवरची. सेरुन्कुमा खाटीक पुलावरून घसरून मेला, तर पुढचा आठवडाभर लोक त्याच्या दुकानी सांत्वनाला येत होते आणि आलेच आहेत म्हणून मटणही नेत होते. मुवोंगे न्हावी यंत्रकिड्याच्या पायाखाली गेला, तेव्हा त्याची बायको म्हणाली, बरं झालं, घरी तरी लवकर येतील. लोक हाजीच्या मागे लागायचे, आज आमचं नाव घ्यायला सांगा. मरायला रांग लावणारी माणसं मी तरी दुसरीकडे पाहिली नाहीत.

विद्यापीठाकडची पोरं मात्र वैतागली. त्यांनी हा खेळ आपल्या खोल्यांवर केव्हाच संपवला होता. त्यांचा म्होरक्या अरिंदा, चष्मा कपाळावर चढवून बोलणारा, एकदा खेळ संपल्यावर सरळ खोक्याशी गेला.

“काका, किती थापा माराल? तो एकच माणूस आहे. कॅप्टन व्हॉस. त्याला भाऊ नाही, बाप नाही, कुणी नाही.”

“तरीच,” लुब्वामा म्हणाला, “तरीच दगडासारखं तोंड करून फिरतो. मी त्याला घरदार दिलं तर तुझ्या पोटात का दुखतं?”

“अहो, पण मुळात गोष्टच भिकार आहे. सगळं रेडिओवर बोलून सांगतात. शत्रू बिनडोक. आणि चटकन संपते.”

“मला आवडली बुवा,” अरिंदाच्याच बरोबरचा एकजण म्हणाला. “शेवट तर अंगावर येतो.”

“अंगावर येतो? शेवटी खेळणाऱ्याच्या हातातून सगळं काढून घेतात. त्याला शेवट म्हणतोस तू?”

दोघांची तिथंच जुंपली. हाजी खूश झाला. भांडणारी गिऱ्हाइकं पुन्हा येतात, हे त्याला पक्कं ठाऊक.

हॉलच्या दारात किझाची आई मंदाझी तळायची. फुगलेली, गरम, साखर कमी घातलेली. तिला सगळे नालोंगो म्हणतात, जुळ्यांची आई. जुळ्यांतला थोरला तो वास्वा, धाकटा तो काटो आणि जुळ्यांच्या पाठीवर होईल तो किझा. नावं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली, आईबापांनी डोकं चालवायचं कामच नाही. काटो लहानपणीच तापानं उडून गेला. जुळं मूल मेलं असं आम्ही म्हणत नाही, उडून गेलं म्हणतो, आणि त्याच्यामागे रडायचंही नसतं. नालोंगो रडली नाही. ते न रडलेलं सगळं तिनं वास्वाच्या पदरात घातलं, आणि किझाच्या वाटणीला फार काही उरलं नाही. बाई वाईट नव्हती. वेळेवर जेवू घालायची, आजारपणात उशाशी बसायची. पण किझाशी बोलताना तिची नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे, रस्त्याकडे. वास्वा सैन्यात होता, सोमालियाला गेलेला. त्याचा फोन आला की ती मंदाझी फुकट वाटायची. हल्ली बरेच दिवस फोन नव्हता.

एका शनिवारी ती हात पुसत आत आली आणि लुब्वामापुढे गुडघे टेकून, बायकांनी करायची तशी रीतसर विचारपूस करून, म्हणाली, “व्हीजे, सगळ्यांच्या पोरांची नावं घेतोस. माझ्या वास्वाचं घे की.”

“नालोंगो, नाव घेतलं की तो पडतो. बघतेस ना तू?”

“मग पडू देऊ नका.” ती किझाकडे वळली. “ऐकलंस? तुझ्या हातात आहे ते. वास्वाला मरू द्यायचं नाही.”

जन्मात पहिल्यांदा आईनं किझाच्या हातात काहीतरी सोपवलं होतं. सोपवला तोही वास्वाच, पण किझाला तेवढंही पुष्कळ झालं. “नाही मरू देणार,” तो म्हणाला.

त्या दिवसापासून किझाचं खेळणं बदललं. पूर्वी तो धावत सुटायचा, दिसेल त्याच्यावर गोळ्या झाडायचा. आता दगडामागं बसून राही, किडा जवळ येईतो श्वास धरी, एक गोळी मारी, पुन्हा बसे. सकाळी कारखाना उघडण्याआधी हाजीकडून किल्ली मागून घेई आणि झालेले भाग पुन्हा पुन्हा खेळून हात बसवी. पुढचा भाग लोकांच्या आधी उघडायला हाजीची सक्त मनाई होती. वास्वा खाणीतून सुटला. वास्वा वितळलेल्या पुलावरून गेला. वास्वानं हवा संपत आलेल्या खोलीतून तीन जखमी ओढत बाहेर काढले, आणि लुब्वामानं त्यातल्या प्रत्येकाच्या तोंडी असं काही बोलणं घातलं की बायका डोळ्यांना कापडं लावून बसल्या.

आता हॉलमध्ये वेगळेच दोन तट झाले. “हा लढायला आलाय की लपंडाव खेळायला?” मागची पोरं ओरडायची. “पूर्वी बरं होतं, धडाधड मरायचे.” पुढच्या बाकांवर आता आया येऊन बसायला लागल्या होत्या, त्या मागे वळून म्हणायच्या, “तुझं नाव घालायला सांगते, मग बघू किती धडाधड ते.” नालोंगो कढई खाली उतरवून रोज आत येई, उभ्यानंच बघे. भाग संपला की शेजारणींना सांगे, आज वास्वा बरा आहे. फोन नव्हता, पण हॉलमध्ये वास्वा धडधाकट होता, आणि बाईनं कुठंतरी या दोन्हींची गाठ मारून टाकली होती. किझाला ते दिसत होतं. त्याला भीतीही वाटत होती आणि, खोटं कशाला बोला, आनंदही होत होता. हल्ली आई त्याच्या हातांना रात्री खोबरेल चोळून द्यायची.

शेवटच्या रविवारच्या दोन दिवस आधी अरिंदा कारखान्यात आला. किझा एका फाटकाला मोर जोडत होता.

“तुला शेवट माहीत आहे?” अरिंदानं विचारलं.

“नाही. सांगू नकोस.”

“सांगायला हवं. तुझी आई येते म्हणून सांगतो, नाहीतर मला काय.” त्यानं चष्मा खाली घेतला. “शेवटी तो मरतो. तू कसाही खेळ, मरतोच. दाराशी पोचलास की कंट्रोलर बंद पडतो. बाकीचे यानात बसून जातात आणि हा आतून दार लावून राहतो. वरून त्याचेच साहेब सगळं ठाणं उडवून देतात. यावरूनच तर आमची भांडणं चाललीत. अर्धी पोरं म्हणतात, काय बलिदान. मी म्हणतो, एवढं जपून आणायचं आणि शेवटी आपल्या हातात काहीच नाही, ही फसवणूक आहे.”

किझानं मुखवटा वर केला. मग हत्यारं तिथंच टाकून तो लुब्वामाकडे गेला.

“काका, रविवारच्या आधी वास्वाला घरी पाठवा. जखमी झाला म्हणा, रजा मिळाली म्हणा. दुसरं कुणाचंही नाव घ्या.”

“वेडा आहेस का? रविवारी अर्धं कात्वे वास्वासाठी येणार आहे. हाजीनं उभ्यांची तिकिटंसुद्धा विकलीत.”

“तो मरतो, काका. शेवटी मरतोच.”

“पडद्यावर मरतो. बोलणारा कोण आहे?” लुब्वामानं त्याच्या पाठीवर थाप मारली. “तू हात चालव. तोंडाचं काम माझ्यावर सोड. वास्वाच्या केसाला धक्का लागणार नाही, माझा शब्द.”

रविवारी सकाळी किझानं आईला म्हणून बघितलं, “आज नाही आलीस तर चालणार नाही का? गर्दी होईल.” ती ठेवणीतला गोमेसी नेसत होती, खांद्यावर टोकं काढलेला पायघोळ झगा. “शेवटच्या दिवशी नको येऊ?” ती म्हणाली. “तू नीट खेळ म्हणजे झालं.”

दुपारी हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. नालोंगोला पहिल्या बाकावर बसवलं होतं. किझा खेळला, आणि असा खेळला की मागच्या पोरांनीही तोंडं मिटली. एक गोळी वाया नाही. एक जखम नाही. शेवटच्या बोळातून त्यानं वास्वाला दारापर्यंत आणला, आणि मग बोटांखाली सगळं मऊ पडलं. त्यानं बटण दाबलं, पुन्हा दाबलं. पडद्यावरचा माणूस आता आपला आपणच चालत होता. बाकीचे यानात चढले. तो मागे राहिला. त्यानं दारावर हात ठेवला.

लुब्वामाच्या खोक्यातून आवाज येईना. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

“मेला तुमचा वास्वा,” मागून एक पोरगा म्हणाला.

तिसऱ्या बाकावरचे म्हातारे मुकासा काठी टेकत उठले. “जुळ्याबद्दल तो शब्द? कुणाचा रे तू?” गलका झाला. नालोंगो पडद्याकडे बघत होती, तिचा एक हात तोंडावर होता. किझाला वाटलं उठावं, वायर ओढावी, आग लावावी सगळ्याला. पण हात कंट्रोलरवरून सुटेनात.

मग माइक खरखरला.

“गप्प बसा,” लुब्वामा म्हणाला. “नीट बघा दारात कोण आहे ते. तो वास्वा नव्हे. वास्वा यानात बसला, निघालासुद्धा. धाकट्यानं त्याला आत ढकललं. म्हणाला, दादा, तू जा, आई तुझी वाट बघतेय. माझं काय, मी बघतो इथलं. आणि त्यानं आतून दार लावलं. पाठचा भाऊ तो. किझा. किझा राहिला दारात.”

पडदा पांढरा झाला. ठाणं फुटलं, दार वितळलं, दारातला माणूस वितळला. लुब्वामानं स्फोटाचा आवाज पार शेवटपर्यंत चढवला.

हॉल उभा राहिला. बायकांनी जिभा हलवून आनंदाचा सूर लावला, पुरुष बाकांवर चढून टाळ्या पिटायला लागले, न्हावी खाटकाच्या गळ्यात पडून रडला. असा शेवट कात्वेत कुणी पाहिला नव्हता. नालोंगो धडपडत खोक्याशी गेली आणि सगळ्या गर्दीत लुब्वामापुढे गुडघ्यांवर बसली. “वाचवलास रे,” ती म्हणत होती, “वाचवलास माझ्या पोराला.” शेजारणी तिला उठवत होत्या, तिचे डोळे पुसत होत्या. किझा खुर्चीत होता. आई आता वळेल, मग वळेल, म्हणून तो बसून राहिला. बायकांच्या घोळक्यातून ती तशीच बाहेर गेली.

बाहेर वाद पेटला होता. “मूळ शेवटापेक्षा हा कितीतरी बरा,” अरिंदाच म्हणत होता, आणि त्याचे दोस्त त्याच्यावर तुटून पडले होते, की ही तर दुप्पट फसवणूक, ज्यांनी खेळ केला त्यांचा अपमान. कुणी म्हणत होतं, पहिल्या भागांची सर नाही. कुणी म्हणत होतं, पुन्हा लावा. हाजी दोघांनाही मान डोलावत होता.

लुब्वामा माइकची वायर गुंडाळत होता. किझाला बघून तो जरा ओशाळला.

“रागावलास? घाईत नाव सुचेना. खोक्याच्या काचेतून समोर तुझी पाठ दिसत होती. आणि दुसऱ्या कुणाचं घेतलं असतं तर त्याच्या घरचे माझ्या उरावर बसले असते.”

“आणि माझ्या घरचे?”

“तुझी आई तर गुडघे टेकून गेली, बाबा,” लुब्वामा म्हणाला. तो टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागला.

घरी पोचेतो नालोंगोनं कोंबडी कापून शिजत घातली होती, हिरव्या केळ्यांचे मटोके पानात गुंडाळून वाफवायला ठेवले होते आणि शेंगदाण्याच्या कालवणाचा वास गल्लीभर सुटला होता. शेजारणी येऊन हात धरून जात होत्या. कोंबडीचा पोटा घरच्या कर्त्या पुरुषाचा असतो. तो तिनं वेगळ्या पानात बांधून वास्वाच्या नावानं फळीवर ठेवला. किझासमोर भरलेलं ताट आलं, मांडीचा तुकडा, वरून कालवण. आई समोर चटईवर बसली. इतकी हलकी, इतकी मोकळी त्यानं तिला कधी पाहिली नव्हती. ती प्रथमच त्याच्या तोंडाकडे बघत होती.

“छान खेळलास,” ती म्हणाली. “सगळ्या म्हणत होत्या, नालोंगो, तुझ्या पोराचे हात म्हणजे काय हात.”

किझानं घास मोडला, पण उचलला नाही. “आई, शेवटी दारात कोण राहिलं?”

“कुठल्या दारात?”

“ते फुटलं त्यात. व्हीजेनं नाव घेतलं ना.”

तिनं आठवून बघितलं. खरंच आठवून बघितलं, कपाळाला आठी घालून, डोळे बारीक करून. तिच्या तोंडावर लबाडीचा मागमूस नव्हता. बाहेर कुणीतरी तिला हाक मारत होतं.

“घेतलं असेल कुणाचं तरी,” ती म्हणाली. “वास्वा सुटला एवढं ऐकलं, आणि पुढचं मला काही ऐकूच आलं नाही. कोण होता? आपल्याकडचा होता का?”

“नाही,” किझा म्हणाला.

“बिचारा,” ती म्हणाली, आणि त्याच्या ताटात आणखी कालवण वाढलं.